काचेची शीळ

९ नोव्हेंबर

मोटरसायकलला आज उंच विंडशील्ड बसवून घेतलं. कंपनीने दिलेली काच म्हणजे शोभेची वस्तू, तळहाताएवढी. तिच्यावरून उसळलेला वारा थेट हेल्मेटवर आदळायचा. कराडचा प्रयोग करून परत येईपर्यंत मानेची अशी अवस्था, जणू कोणीतरी वाटभर थोबाडत आणलंय. सगळे म्हणतात, बसने ये. नाटकाच्या बसमध्ये गाण्याच्या भेंड्या चालतात. मी इतकी वर्षं नाटकांचा ध्वनी सांभाळतोय. फुकटात बेसूर ऐकणं माझ्या कामात येत नाही.

दुकान नाना पेठेत आहे. मालक बद्रीनाथ, वाशीमकडचा. काच लावून म्हणाला, "पुष्करभाऊ, आता घरात बसल्यासारखे बसान."

सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरपर्यंत जाऊन आलो. छातीवरचा वारा गेला, हे खरं. पण शीळ वाजते. बारीक, उंच, एकसुरी. दोन घरं पलीकडे कोणाचा तरी कुकर कायम शिट्टीच्या बेतात असावा, तशी. आणि गंमत म्हणजे वेगात असताना ती दबते, सिग्नलला गाडी हळू केली की स्पष्ट येते. इतकी भिकार बनावट मी पाहिली नव्हती. काचेची कड नीट घासलेली नसणार. बद्रीनाथला वाटलं असेल, गिऱ्हाइकाला काय कळतंय. त्याचं दुर्दैव. माझी रोजीरोटीच कानांवर आहे.

१३ नोव्हेंबर

सलोनी हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते. लग्नाला वीस वर्षं झाली की बायका जीभ उचलायचेही कष्ट घेत नाहीत, असं दिसतं. आज स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून काहीतरी लांबलचक सांगत होती. शेवटी आवाज प्रश्नासारखा वर गेला म्हणून मी "बरं" म्हटलं. ती वळून माझ्याकडे बघत राहिली. मग हात पुसून आत गेली.

टीव्हीच्या आवाजावरूनही कटकट. म्हणे खालच्या मजल्यावरून निरोप आलाय. खालच्यांना सांग, म्हटलं, बातम्या फुकट ऐकताय, आभार मानायचे सोडून तक्रारी कसल्या करता.

१६ नोव्हेंबर

दुपारचा प्रयोग, कोथरूडला. हाउसफुल. पडदा पडल्यावर मंदाकिनीबाई थेट माझ्या ध्वनीच्या कन्सोलपाशी आल्या. नाटक त्यांचं, निर्मिती त्यांची, मुख्य भूमिकाही त्यांचीच. त्यामुळे त्यांना तीन माणसांइतकं बोलायची सवय आहे.

"पुष्कर, आज माझा आवाज टाचणीसारखा का येत होता? पुढच्या रांगेतला माणूस कानात बोट घालून बसला होता."

"खाज सुटली असेल," मी म्हटलं.

"पहिल्या अंकापासून?"

मी सांगितलं, की बाई, शब्द स्पष्ट यावेत म्हणून वरचे स्वर थोडे उघडलेत. नाहीतर सगळं गोधडीतून बोलल्यासारखं येतं. बाई सत्तरीला टेकल्यात, त्यांचे कान त्यांच्या वयाला शोभतील असेच असणार.

शेजारी नम्रता उभी होती. तोंड मिटून, नजर कन्सोलवर. ही माझी सहायक. तीस-बत्तीसची, कुठल्याशा संस्थेतून ध्वनीचं शिक्षण घेऊन आलेली. मध्यंतरात मी चहाला गेलो असताना तिने वरच्या स्वरांची बटणं खाली आणून ठेवली होती. मी आल्या आल्या परत वर केली. विचारलं, "हे कोणाला विचारून?"

"सर, फार टोचत होतं."

"तुला टोचत असेल."

मला सगळं कळतं. तिचा डोळा माझ्या खुर्चीवर आहे.

२२ नोव्हेंबर

नाना पेठ. बद्रीनाथच्या दुकानात आज पाऊण दिवस गेला. त्याने काचेमागे रबरी वॉशर घालून कोन बदलला. मग मला सीटवर बसवून समोर पट्टी धरली. काचेची वरची कड नाकाच्या रेषेत पाहिजे, म्हणाला. डोळ्यांसमोर आली की रस्ते दोन दिसतात आणि फार खाली गेली की वारा हेल्मेट धरतो. आपण काचेच्या वरून बघायचं, आतून नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. मी त्याला शिळेबद्दल विचारलं.

तो स्वतः हेल्मेट घालून गाडी घेऊन गेला. बऱ्याच वेळाने आला.

"मला तं शीळ ऐकूच नाही आली, भाऊ."

"ऐकायला कान लागतात."

"दोन हायेत. मोजून घ्या."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मी म्हटलं, चोर आहेस तू, खराब माल गळ्यात मारायचा आणि वर विनोद करायचे, हा धंदा वाशीमला चालत असेल, पुण्यात नाही. त्याचा चेहरा बदलला. आतून दुसरी काच आणली, थोडी बुटकी, वर सरकवता येणारी पट्टी असलेली. ती बसवली. जाताना म्हणाला, "लांब जाणारे सगळे कानात बोळे घालतात. स्पंजचे मिळतात. वाऱ्याच्या आवाजानं कान जातात माणसाचे."

ध्वनिवाल्याने कानात बोळे घालायचे! उद्या शिंप्याला डोळ्यांवर पट्टी बांधायला सांगेल.

कात्रजला घरी पोहोचेपर्यंत शीळ होतीच.

३० नोव्हेंबर

कोल्हापूरचा दौरा आटोपून घरी आलो तर कुलूप. सलोनी नाही, कपाटातले तिचे कपडे अर्धे गायब. शेजारच्या दुर्गाबाईंनी मला किल्ली दिली आणि असं बघितलं, जणू मीच तिला हाकलून लावलंय.

फोन केला.

"कुठे आहेस?"

"विश्रांतवाडीला. आईकडे. अजून कुठे असणार?"

तिची आई, सुशीलाबाई, पडली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आता दोन-तीन महिने कोणीतरी जवळ हवं. हे सगळं मला आज, फोनवर कळतंय.

"मला कोणी सांगितलं?"

"मी सांगितलं. तीनदा. तेराच्या संध्याकाळी तर विचारलं, की मी तिकडे राहायला जाऊ ना, तू दवाखान्यात येशील ना. तू 'बरं' म्हणालास. शस्त्रक्रियेच्या दिवशी मी वाट बघत होते, पुष्कर."

"भांड्यांचा आवाज होता. नळ चालू होता."

"नळ बंद होता."

मी फोन ठेवला. म्हणजे तिने आधी ठेवला असेल. कोणी ठेवला ते कळलं नाही.

माणसाला खरंच सांगायचं असेल तर तो समोर येऊन सांगतो. हिला जायचंच होतं, निमित्त सापडलं. सासूबाई पडल्या त्याचं मला वाईट वाटतं, पण ते कोणाला सांगायची सोय राहिली नाही.

६ डिसेंबर

घरात कोणी नाही, तर शीळ घरातही ऐकू येते आहे असं वाटतं. दिवसभर डोक्यात बसल्यावर दुसरं काय होणार?

सकाळी स्वतःच काच जुळवायला घेतली. पट्टी वर, पट्टी खाली. गाडी चालवताना डावा हात काचेच्या वर धरून वारा कुठून उडी मारतो ते पाहिलं. वारा बरोबर हेल्मेटच्या डोक्यावरून जातो. मान दुखत नाही. म्हणजे काच आपलं काम करते आहे आणि तरीही शीळ वाजवते आहे. हा तर शुद्ध खोडसाळपणा झाला. काहीतरी कंप पावत असणार म्हणून स्क्रू आवळले. एक जरा जास्त आवळला गेला. टक् झालं आणि भोकापासून वरपर्यंत तडा गेला.

तशीच गाडी घेऊन बाहेर पडलो. कात्रज चौकात डावीकडून एक मुलगी इलेक्ट्रिक स्कूटरवर घुसली. मी वळत होतो. तिचा आरसा माझ्या हँडलला अडकून तुटला, ती पडता पडता वाचली.

"काका, दोनदा हॉर्न दिला मी!"

"दिला असतास तर मी वळलो असतो का?"

"अहो, दिला हो! ऐकू येत नाही का?"

लोक जमले. एक रिक्षावाला म्हणाला, "दिला होता तिने हॉर्न, मी साक्षीला आहे." साक्षीला! पुण्यात भांडणाला प्रेक्षक कमी पडत नाहीत. नाटकाला मात्र सवलतीची तिकिटं लागतात. मी तिला सांगितलं, तुझ्या स्कूटरला हॉर्न नाही, खेळण्यातली पिपाणी आहे. ती रडायला लागली. मग आरशाचे पैसे दिले आणि निघालो.

मुलगी सलोनीच्या भाचीच्या वयाची असेल.

१४ डिसेंबर

सातारा. लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

दुसऱ्या अंकात मंदाकिनीबाईंचा एकटीचा मोठा प्रवेश आहे. रंगमंचावर फक्त त्या. मी त्यांचा माइक थोडा वर घेतला होता, कारण हे नाट्यगृह आवाज गिळतं. प्रवेश सुरू झाला. पहिल्या रांगेत एका बाईंनी कानांवर हात ठेवले. मग तिसऱ्या रांगेत दोघांनी. मग मला दिसलं, की सगळं प्रेक्षागृहच कानांवर हात ठेवून बसलंय. एक लहान मूल तोंड उघडून रडत होतं. मला वाटलं, बाहेर काहीतरी झालंय, सायरन वगैरे.

मंदाकिनीबाई वाक्याच्या मध्येच थांबल्या. पन्नास वर्षांत ही बाई रंगमंचावर थांबलेली नाही. वीज गेली होती तेव्हाही बोलत राहिली होती. त्या थेट माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पुष्कर, बंद कर ते."

मी हातानेच विचारलं, काय?

तेवढ्यात नम्रता माझ्या अंगावरून वाकली आणि बाईंच्या माइकच्या आवाजाचा फेडर एका झटक्यात खाली ओढला. सगळ्यांचे हात कानांवरून खाली आले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. कशाला टाळ्या?

पडद्यामागे मी नम्रताला सर्वांसमोर सुनावलं. चालू प्रयोगात माझ्या कन्सोलला हात लावायची हिंमत कशी झाली?

"सर, फीडबॅक होता." ती मागे हटली नाही. "माइक स्पीकरचा आवाज उचलत होता. किंचाळत होता. तुम्ही नुसते बघत होता."

"नव्हता."

"अहो, सगळ्या थिएटरने ऐकला!"

मी मंदाकिनीबाईंकडे पाहिलं. त्या मेकअप पुसत होत्या. आरशातूनच म्हणाल्या, "कान तपासून ये. तोवर कन्सोलवर बसू नकोस." एवढंच. रागावल्याही नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मला बोलता आलं असतं.

हा कट आहे असं लिहायला मी ही वही उघडली होती. पण ते रडणारं मूल कटात सामील असेल असं वाटत नाही.

१५ डिसेंबर

सकाळी साताऱ्याहून एकटाच निघालो. शिरवळच्या पुढे रस्त्याकडेला, उसाच्या शेताशी गाडी उभी केली आणि पाना काढून ती तडकलेली काच सरळ उतरवून टाकली. मागच्या सीटला बांधली. आता वाजव म्हटलं.

बिनकाचेची गाडी चालवली. वाऱ्याने छातीत बुक्के घातले, मान मोडली. शीळ होती.

कात्रजच्या जुन्या घाटात वर थांबलो. इंजिन बंद केलं. हेल्मेट काढलं. वारा नव्हता, समोर सगळं शहर धुरात पडलेलं. शीळ वाजत होती. तोच सूर. तोच, ज्यासाठी मी बद्रीनाथला चोर म्हटलं.

मी दोन्ही तळव्यांनी कान घट्ट झाकले. शीळ मोठी झाली.

उंचीमुळे होत असेल. घाटात कानाला दडे बसतात.

१९ डिसेंबर

तपासणी केली. काचेच्या लहानशा खोलीत बसवून कानांवर हेडफोन घातले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बाहेर एक बाई यंत्रापाशी. सुरुवातीचे आवाज आले, मी दाबलं. मग यंत्र बंद पडलं. मी वाट बघत राहिलो. बाईंचा हात मात्र यंत्रावर हलत होता, आणि दर वेळी हात हलला की त्या माझ्याकडे बघायच्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की यंत्र चालू आहे.

त्यानंतर मी त्यांच्या हाताकडे बघून बटण दाबायला लागलो. हात हलला, दाब. हात हलला, दाब. तीन-चारदा जमलं. मग त्या शांतपणे उठल्या, खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या.

त्या पाठीकडे बघत मी बसून राहिलो. बटण दाबायला काहीच आलं नाही.

डॉक्टरांनी आलेख दाखवला. रेघ डावीकडून बरी येते आणि अर्ध्यावर जिना कोसळल्यासारखी खाली जाते. दोन्ही कान, डावा जास्त. वरचे स्वर गेले. ते परत येत नाहीत. शीळ त्यांच्या जागी आली आहे. रिकाम्या घरात कोणीतरी येऊन राहावं तशी. हे डॉक्टर नाही म्हणाले, मी म्हणतोय. ते म्हणाले, वर्षानुवर्षं स्पीकरपाशी, वर मोटरसायकलचा वारा. कानात बोळे घालत होतात का?

मी "काय?" म्हटलं. खरं म्हणजे ऐकू आलं होतं.

२४ डिसेंबर

बद्रीनाथच्या दुकानात गेलो. तो मान वर न करता म्हणाला, "आता काय फुटलं?"

मी तडकलेली काच काउंटरवर ठेवली. "ही मी फोडली. आवळताना. तशीच दुसरी दे."

"अन् शीळ?"

"ती काचेची नव्हती. माझी होती."

त्याने मान वर केली. मी कानाकडे बोट दाखवलं. आता हा दिलासा वगैरे देणार म्हणून मी कपाळाला आठ्या घालून तयार होतो.

"मंग चोर कोण झालं?" तो म्हणाला.

"मी."

"बसा."

काच बसवली. पट्टी नाकाच्या रेषेत आणली, स्क्रू बोटाने घट्ट करून वर फक्त अर्धा आटा दिला. चहा मागवला नाही, भाऊ म्हटलं नाही. पैसे घेतले आणि स्पंजच्या बोळ्यांची पुडी समोर सरकवली, तिचेही घेतले. मला ते बरं वाटलं.

बोळे घालून विश्रांतवाडीपर्यंत गेलो. मानेला त्रास नाही, छातीला त्रास नाही, वारा कुठेतरी डोक्यावरून निघून जात होता. गाडी इतकी आरामात मी कधी चालवली नव्हती. सगळ्या रस्त्यात मी आणि ती शीळ.

सलोनीने दार उघडलं. पलंगावरून सासूबाईंनी मला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी आलेखाचा कागद सलोनीला दिला. तिने उभ्या उभ्या वाचला.

"मी उन्हाळ्यापासून सांगतेय तुला, कान दाखव म्हणून."

"ऐकू आलं नाही."

"तेच," ती म्हणाली. हसली नाही. जरा वेळाने मागे कुठूनतरी काही म्हणाली. मी वळलो. ती समोर आली, माझ्या तोंडासमोर उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "जेवून जाणार आहेस का?"

दगडाला बोलावं तसं. मला संताप आला. जेवून आलो.

१८ जानेवारी

आज प्रयोग बघायला गेलो. प्रेक्षक म्हणून. कन्सोलवर नम्रता होती. तिला सांगून आलो, की बाईंचा माइक दुसऱ्या अंकात अर्ध्या बोटाने खाली ठेव, त्या तिथे स्पीकरसमोर येतात. ती म्हणाली, "ठेवलाय, सर." खालच्या पट्टीत, माझ्याकडे तोंड करून म्हणाली. कोणीतरी शिकवलं असणार. मंदाकिनीबाईंनी मला विंगेत येऊन भेट म्हणून निरोप पाठवला होता. गेलो नाही.

सलोनी आली होती. सासूबाईंपाशी आमच्या शेजारच्या दुर्गाबाई जाऊन बसल्या. अजून ती तिकडेच राहते. परत कधी येणार ते मी विचारलेलं नाही. विचारलं आणि उत्तर ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारावं लागेल.

मागच्या रांगेत बसलो. मी प्रेक्षकांकडेच बघत होतो. कोणीही कानांवर हात ठेवला नाही. मला मात्र सगळं भिंतीपलीकडून आल्यासारखं येत होतं, पण नाटक पाठ आहे, त्यामुळे चाललं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी धाकटा भाऊ घराचा वाटा मागायला येतो आणि मंदाकिनीबाई कप पुढे करून म्हणतात, "चहा घे. हिस्सा मिळणार नाही." तिथे हमखास हशा येतो. आजही आला. मीही हसलो. वाक्य मला अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं. शब्दन् शब्द. म्हटलं, डॉक्टरांच्या आलेखाला काय कळतंय.

पण हशा नेहमीपेक्षा मोठा होता. थांबेचना. टाळ्या आल्या. सलोनी पुढे वाकून हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मी तिला कोपराने ढोसलं. "एवढं काय त्यात?"

तिने माझ्या उजव्या कानाला तोंड लावलं. "किती छान बदललंय वाक्य! 'चहा घे. हिस्सा समजून पी.'"

मी पुन्हा सांगायला लावलं. तेच होतं. वाक्य बदलून पंधरा दिवस झाले होते, हे मला प्रयोगानंतर कळलं.

नवीन वाक्य जास्त चांगलं आहे.